संशयापायी धुतलेलं इंजिन

गाडीतलं पेट्रोल कमी होतंय हे मला एका वेळूच्या कामटीनं सांगितलं. गाडी लहान आणि जुनी होती. तिला पेट्रोल दाखवणारा काटा नव्हता. टाकी पुढंच, बॉनेटखाली, इंजिनाच्या मागच्या अंगाला बसवलेली. झाकण काढायचं, कामटी बुडवायची आणि ओल कुठवर आली ते पाहायचं. कामटीवर मी चाकूनं खुणा करून घेतल्या होत्या. संध्याकाळी ओल तिसऱ्या खुणेला लागलेली असायची, आणि सकाळी निघताना पाहावं तर बोटभर खाली.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष होत आलं होतं, तरी पेट्रोल अजून कूपनावरच मिळे. मी नर्स. पुण्याला सुईणपणाचं शिक्षण घेतलं होतं आणि श्रीगोंद्याच्या बाजूच्या एका मोठ्या गावात माझा लहानसा दवाखाना होता. लवकर विधवा झाले, मूल नव्हतं, म्हणून वडिलांची बहीण, माझी आत्या, सोबतीला येऊन राहिली होती. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर बाळंतपणाला जावं लागे, कधी काष्टीच्या पलीकडेही. बैलगाडीनं पोचेपर्यंत काही बायका हातच्या जात. नगरच्या छावणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत चालला होता, त्याची ही गाडी मी घेतली. चालवायला पुण्यातच शिकले होते. बाईनं मोटार चालवायची म्हणजे लोक रस्त्यात थांबून बघत, पण दोन-चार बायका वाचल्यावर बघणं कमी झालं.

तर हे बोटभर पेट्रोल. एकदा झालं तेव्हा वाटलं, आपण कामटी तिरकी धरली असेल. दुसऱ्यांदा सरळ धरली. तिसऱ्यांदा आत्याला शेजारी उभी करून धरली.

"कुणीतरी काढून घेतंय," आत्या म्हणाली.

"कोण घेणार?"

आत्यानं नुसती मान वळवून कुंपणापलीकडे पाहिलं.

कुंपणापलीकडे हवालदार राहत. फौजेत मोटारी दुरुस्त करायचं काम त्यांनी केलं होतं. लढाईत इराकपर्यंत जाऊन आले होते असं लोक सांगत. फौजेतून सुटल्यावर बायकोला घेऊन आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आले. पन्नाशीकडे झुकलेले, उंच, बोलायला कमी. मुलगी लग्न होऊन नगरला दिलेली. ते मुसलमान. गावात त्यांच्या समाजाची दहा-बारा घरं होती. पण हे बाहेरून आलेले, त्यामुळे त्यांच्यातही जरा वेगळेच. विहिरींवरची इंजिनं नीट करून ते पोट भरत. त्यांच्या ओसरीवर कायम काही ना काही उघडून ठेवलेलं असे. पेट्रोलचा उपयोग कळणारा माणूस आमच्या आळीत तो एकच होता. आत्याला एवढं कारण पुरेसं होतं. खरं सांगायचं तर मलाही पुरलं.

नंतर एके सकाळी बॉनेटवरच्या धुळीत मला चार बोटं उमटलेली दिसली. माझी नव्हती, चांगली रुंद होती. गाडी ठेवायला घराच्या बाजूला पत्र्याची शेड केली होती, तिला तेव्हा नुसती कडी होती.  दुपारी आत्यानंच सांगितलं, तिनं पहाटे हवालदारांना शेडमधून बाहेर पडताना पाहिलं होतं.

मी कुंपणाशी गेले. "हवालदार, तुम्ही आज शेडमध्ये गेला होतात का?"

ते एका पंपाचं चाक घासत होते. मान वर न करता म्हणाले, "व्हय, गेल्तो. वास आला पेट्रोलचा. तोटी उघडी हुती, बंद क्येली."

टाकीतून इंजिनाकडं पेट्रोल सोडणारी ती पितळी तोटी. गाडी विकताना साहेबानं मला सांगितलं होतं की तिला हात लावायची गरज नाही, म्हणून मी कधी लावला नव्हता. हवालदारांचं बोलणं मला पटलं नाही. पेट्रोलचा वास काय मला येत नव्हता? येतच होता. काढताना सांडलं म्हणजे वास येणारच, असा माझा हिशेब. माणूस शेजाऱ्याच्या शेडमध्ये पहाटे शिरतो आणि म्हणतो, तोटी बंद करायला गेलो होतो.

"मला विचारून जात चला," मी म्हणाले.

त्यांनी आता वर पाहिलं. "बरं," म्हणाले आणि पुन्हा चाक घासू लागले.

त्याच दिवशी मी शेडला कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला. शिवाय संध्याकाळी बॉनेटच्या दोन्ही कड्यांना काळा दोरा बांधून ठेवायचा नेम केला. टाके घालायचा बारीक दोरा, लांबून दिसत नसे. कुणी बॉनेट उघडलं तर तो तुटणार. तोटी मी पुन्हा उघडून ठेवली. त्यांनी बंद केली होती म्हणूनच मुद्दाम उघडली, हे आज लिहिताना लाज वाटते.

सकाळी दोरा शाबूत. कुलूप शाबूत. पेट्रोल बोटभर खाली.

माझी झोप उडायची वेळ आली. कुलुपाची दुसरी किल्ली असेल का? कुलूप ज्या दुकानातून आणलं तिथं हवालदारांचं जाणं-येणं होतं. दोरा पाहून पुन्हा तसाच बांधणं कठीण नव्हतं, मग मी गाठ बदलली. गाठही तशीच राहिली. मी आत्याकडेसुद्धा एकदोनदा वेगळ्या नजरेनं पाहिलं. तिची रॉकेलची बाटली अलीकडे लवकर संपत नव्हती. चुलीत पेट्रोल घालण्याइतकी ती वेडी नव्हती हे मला कळत होतं, तरी मी बाटलीचा वास घेऊन पाहिला. रॉकेलच होतं. संशय एकदा घरात आला की कुणाच्याही पाटावर बसतो.

यातून मला एक युक्ती सुचली. बॉनेटखालचं इंजिन तेलानं आणि धुळीनं इतकं माखलेलं होतं की तिथं कुणी हात घातला तरी कळलं नसतं. माती, तेल, गवताच्या काड्या असा बोटभर जाड थर. तेच जर घासून लख्ख केलं तर हात लावणाऱ्याची बोटं उमटतील. एवढ्याचसाठी मी इंजिन धुवायला काढलं. गाडीच्या भल्यासाठी नाही, चोर पकडण्यासाठी.

तो रविवार होता. पहाटेच एका वस्तीवरून बाळंतपण करून परत आले होते. दवाखान्यात कुणी आलेलं नव्हतं. म्हटलं, आत्ताच करावं. गाडी शेडसमोर अंगणात आणली, बॉनेट उघडलं, दोन बादल्या पाणी भरून ठेवलं. पुण्याच्या एका गॅरेजमध्ये मिस्त्री सुटे भाग पेट्रोलमध्ये धुताना मी पाहिला होता, म्हणून टाकीतलं थोडं पेट्रोल एका वाडग्यात काढून घेतलं. जुन्या धोतराच्या चिंध्या घेतल्या. पलीकडे दहा पावलांवर आत्यानं अंघोळीचा बंब पेटवला होता. वारा त्या बाजूनं होता.

मी पहिली चिंधी वाडग्यात बुडवली तोच कुंपणावरून आवाज आला.

"बाई, ती वाटी खाली ठिवा."

हवालदार उभे होते. आवाज चढलेला नव्हता, पण मी थांबले.

"का?"

"खाली ठिवा आनि मागं सरा. मग सांगतो."

माझ्या मनात काय आलं असेल? आलं ते हेच, की याला इंजिन धुतलेलं नको आहे. आपली बोटं उमटतील हे याच्या ध्यानात आलं. मी चिंधी हातातच धरून उभी राहिले. तेवढ्यात ते कुंपणाच्या फटीतून आत आले, माझी पाण्याची एक बादली उचलली आणि सरळ जाऊन बंबात ओतली. वाफेचा लोट उठला, राख उडाली. आत्या ओरडत बाहेर आली.

"काय केलंत हे? पाणी तापलं असतं आता."

"मोटार बी तापली असती, आक्का," ते म्हणाले. "ह्या वाटीची वाफ दिसत न्हाई, पर ती जमिनीवरनं सरपटत जाती. इस्तवापातुर गेली की संपलं. आनि इंजन अजून गरम हाय. तेच्यावर थंड पानी पडलं तर बिडाच्या लोखंडाला चीर जाईल. आनि ती दुसरी बादली ह्या वायरींवर पडली आसती तर आठ दिस मोटार चालू झाली नसती."

मी वाडगा खाली ठेवला.  त्यांनी वाडग्यातलं पेट्रोल एका डब्यात ओतून, घट्ट झाकण लावून, लांब सावलीत नेऊन ठेवलं.

"तुम्हाला एवढं कळतं तर तुम्हीच धुऊन द्या की," आत्या तिरकसपणे म्हणाली.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. दोऱ्याच्या गाठी बॉनेटच्या कड्यांना अजून लोंबत होत्या. त्यांनी त्या पाहिल्या असणार.

"मी हात लावत न्हाई," ते म्हणाले. "बाईंनी करावं. मी हितं बसून सांगतो. पटलं तर करा."

आणि खरंच ते दाराजवळच्या दगडावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांत अडकवून.

मग जवळजवळ तासभर काहीच झालं नाही. इंजिन निवायची वाट पाहायची होती. मी बॉनेट उघडं ठेवून समोर उभी, ते दगडावर, आत्या उंबऱ्यात.  मी मधूनमधून इंजिनावर तळहात टेकून पाहत होते. "हात सुखानं ठरला पायजे," एवढंच त्यांनी मध्ये एकदा सांगितलं.

हात ठरला तेव्हा त्यांनी आधी तोटी बंद करायला सांगितली. मग बॅटरीची तार सोडायला. दोन तारांपैकी जी गाडीच्या लोखंडाला जोडलेली होती ती आधी, म्हणजे पाना चुकून कुठं टेकला तरी ठिणगी पडणार नाही. ज्या काळ्या टोपीतून चार वायरी निघून इंजिनाच्या डोक्यात जातात तिला ओल लागता कामा नये. तिला काय गुंडाळावं यावर ते विचार करू लागले, तेव्हा मीच आत गेले आणि बाळंतिणीच्या खाली घालायच्या रबरी कापडाचा एक तुकडा आणला. तो गुंडाळून वरून बँडेजची पट्टी बांधली. पेट्रोल आणि हवा एकत्र करणाऱ्या कार्बोरेटरचं तोंड चिंधीनं बंद केलं.

"चिंध्या मोजून घ्या," ते म्हणाले. "एक बी आत ऱ्हायली तर पंख्यात अडकंल न्हाईतर पेटंल."

ही गोष्ट मला शिकवायची गरज नव्हती. शस्त्रक्रियेनंतर कापसाचे बोळे मोजायला आम्हाला शिकवलेलं असतं. मी चौदा चिंध्या मोजून ओळीनं मांडल्या. ते पाहून त्यांनी पहिल्यांदा मान डोलावली. त्या मान डोलावण्यानं मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून मी स्वतःवरच चिडले.

घासायला रॉकेल हवं होतं. पेट्रोल नाही, रॉकेल, आणि तेही थोडं, ब्रशाला लागेल इतकंच. आत्या म्हणाली, घरात दिव्यापुरतंच आहे. रॉकेलही तेव्हा कार्डावर मिळे, त्यामुळे तिचं म्हणणं खोटं नव्हतं.  पण कुंपणाशी हवालदारांची बायको उभी होती. मी तिला भाभी म्हणत असे. ती आत गेली आणि एक बाटली घेऊन आली.

"घ्या बाई. आमी दोघंच हाय, दिवा लवकर मालवतो."

मी घेतली. आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "एवढं फुकट कशाला देतायत, विचार कर." मी विचार केलाही. भाभीच्या तोंडाकडे पाहून काही सापडलं नाही.

आधी सुका कचरा काढायचा होता. वेळूच्या चपट्या काडीनं मी थर खरवडायला लागले. इंजिनाखाली पत्र्याचं एक पसरट ताट बसवलेलं होतं, वरून गळणारं तेल रस्त्यावर पडू नये म्हणून. त्यात हात घातला तर उंदराचं घर निघालं. काड्या, कागद, आणि माझ्याच दवाखान्यातला कापूस. पिल्लं नव्हती. पण तो कापूस ओला होता. मी नाकाशी नेला. पेट्रोल.

मी हवालदारांकडे पाहिलं. ते उठून जवळ आले, पण हात मागे बांधूनच. वाकून त्यांनी ताटात पाहिलं.

"ह्यो कापूस घिऊन तुमी गावोगाव फिरत हुतात," ते म्हणाले. "गरम इंजनाच्या खाली."

 आत्यानं बंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

कापूस, काड्या आणि ती माती मी लांब परसात नेऊन वाळूत पसरली. मग वरून खाली घासायला सुरुवात केली, म्हणजे घाण धुतलेल्या जागेवर पडणार नाही. ब्रश थोडा बुडवायचा, घासायचं, चिंधीनं पुसायचं. पंख्याच्या पट्ट्याला रॉकेल लागू द्यायचं नव्हतं, त्यानं रबर फुगून सैल होतं, म्हणून त्याच्यावर एक फडकं टाकलं. सगळं काळं पाणी खाली ठेवलेल्या घमेल्यात. त्यानंतर कोमट साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून, घट्ट पिळून, तेवढ्यानंच पुसून काढलं. बादली ओतायची नाही. नंतर कोऱ्या फडक्यानं. लोखंडाचा खरा रंग राखाडी होता हे मला तेव्हा कळलं. मी त्याला काळाच समजत होते.

टोपीवरचं रबरी कापड आणि कार्बोरेटरच्या तोंडातली चिंधी काढली, मग घासायच्या चिंध्या मोजल्या. चौदा. माझ्या हातांची त्वचा रॉकेलनं चरचरत होती.

"चिंध्या ढीग करून ठिवू नका, तारेवर येगयेगळ्या वाळवा," हवालदार म्हणाले. "आनि आता ऊन खाऊ द्या मोटारीला. वाफ समदी उडू द्या. लगेच चालू करायची न्हाई."

तिसऱ्या प्रहरापर्यंत गाडी बॉनेट उघडं ठेवून उन्हात उभी होती. आम्ही जेवून घेतलं, ते त्यांच्या घरी, आम्ही आमच्या. नंतर ते पुन्हा येऊन त्याच दगडावर बसले.

"आता तोटी उघडा," ते म्हणाले. "मोटार चालू करू नका. नुसती उघडा आनि कार्बोरेटरकडं बगत बसा."

मी उघडली. कार्बोरेटरच्या खाली कोरा कागद धरला. पाच मिनिटं गेली असतील. कार्बोरेटरच्या वाटीच्या कडेला, जिथं मी सकाळीच पुसून कोरडं केलं होतं, तिथं एक ओली रेघ दिसायला लागली. ती खाली आली, टोकाशी गोळा झाली आणि कागदावर एक थेंब पडला. थोड्या वेळानं दुसरा.

"वाटीत सुई आसती," हवालदार म्हणाले. "वाटी भरली की ती सुई भोक बंद करती. तेच्यात कचरा अडकलाय. रातभर थेंब थेंब. घाणीनं पिऊन घेतलं, ताटात गेलं, उडून गेलं. तुमच्या कुलपाला काय कळायचं?"

मी कागदाकडे पाहत राहिले. चोर नव्हता, उलट तोटी बंद करून जाणारा माणूस होता. मी ती मुद्दाम उघडून ठेवली होती. हे सगळं मला एकदम समजलं. माफी मागायला हवी होती. मी विचारलं काय, तर, "मग तुम्ही हे तेव्हाच का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. वास आला म्हनलं. तुमी म्हनला, इचारून जात चला."  मग म्हणाले, "आनि खोटं कशाला बोलू, एकदा गेल्तो तवा लायटरची वात भिजवून घेतली तुमच्या मोटारीतल्या पेट्रोलात. तेवढंच. बाकी काय न्हाई."

आत्या उंबऱ्यात बसली होती. तिनं ते ऐकलं.

"बघ," ती नंतर घरात म्हणाली. "घेतलंच होतं ना?"

"आत्या, लायटरची वात किती असते?"

"घेणं ते घेणं."

मला वाटलं, आत्याचं बोलणं चार भिंतींत राहील. ते राहिलं नाही. पाणी भरायला गेल्यावर तिनं कुणाला तरी सांगितलं असणार, आणि त्याआधीचे दोरे-कुलपं तर आमच्या कामवालीनंही पाहिली होती. सुई साफ झाली, गळणं थांबलं, मी ती गोष्ट विसरायच्या मागे लागले. दर दोन महिन्यांनी इंजिन तसंच पुसून काढायची सवय तेवढी लागली.

पुढच्या वर्षी देशाची वाटणी झाली. आमच्या गावात काही घडलं नाही, पण रोज कुणी ना कुणी नगरहून, दौंडाहून येई आणि ऐकलेलं सांगे. माणसं एकमेकांच्या घरांकडे बघत चालायला लागली. त्यातच कुठूनतरी निघालं की हवालदारांच्या घरात पेट्रोलचे डबे आहेत. कशासाठी साठवलेत? फौजेतला माणूस आहे, त्याला सगळं येतं. आणि हे कोण सांगतं, तर डॉक्टरीणबाईंच्या, म्हणजे माझ्याच, घरचे. त्यांच्याच गाडीतून तो महिनोन्महिने काढत होता.

लायटरच्या वातीचे डबे झाले होते.

एके दुपारी पाटलांनी मला चावडीवर बोलावलं. गेले तर पंधरा-वीस माणसं बसलेली. हवालदार एका खांबाजवळ उभे. त्यांचं घर सकाळीच पाहून झालं होतं. रॉकेलची एक बाटली, ग्रीसचा डबा आणि हत्यारं, एवढंच सापडलं होतं. तरीही कुणाचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. सापडलं नाही म्हणजे लपवलं, अशी ती नजर होती. मला ती नजर ओळखीची होती.

"बाई, ह्यानं तुमच्या मोटारीतलं पेट्रोल काढलं का?" पाटलांनी विचारलं.

"नाही. माझी गाडी गळत होती. यांनीच ते शोधून दिलं. मी आणि आत्यानं उगाच संशय घेतला."

"पर तुमच्या आत्याच म्हनल्या म्हनं, हा सोता कबूल झाला."

सगळे माझ्याकडे बघत होते. लायटरची गोष्ट खरी होती. ती जशीच्या तशी सांगितली असती तर त्यातून काय ऐकलं गेलं असतं, कोण जाणे. मी म्हणाले, "लायटरपुरतं मी दिलं होतं. मागितलं, मी दिलं."

 "मग मिटलं," पाटील म्हणाले. माणसं उठली. कुणी हवालदारांच्या जवळ गेलं नाही, पण कुणी त्यांना अडवलंही नाही.

परत येताना ते माझ्या चार पावलं मागून येत होते. आळीच्या तोंडाशी मी थांबले.

"हवालदार, चूक माझी आहे. मला माफ करा."

"तुमी तितं खोटं बोललात, बाई," ते म्हणाले. "तुमाला वाटतंय आमाला वाचवलं. पर त्यांना कळलं, बाई कायतरी झाकत्यात. आता त्ये जलमभर म्हनतील, बाईंनी झाकलं म्हनून सुटला."

"मग खरं सांगायला हवं होतं?"

"ठाऊक न्हाई," ते म्हणाले. "खरं काय न् खोटं काय, ऐकनारा आपल्याच मनासारकं ऐकतो." मग जरा वेळानं, "तवा, पयल्या दिशी, तुमी मला नीट इचारलं आसतं तर बरं झालं आसतं."

घरी आल्यावर आत्याशी मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं भांडले. ती रडली. म्हणाली, मी खोटं एक अक्षर बोलले नाही. तेही खरंच होतं. दुसऱ्या दिवशी तिनं भाभीकडे वाटीभर लाडू नेऊन दिले. भाभीनं ते घेतले आणि वाटी धुऊन, तिच्यात मूठभर शेंगदाणे घालून परत केली. त्यापलीकडे दोघींचं बोलणं झालं नाही.

दोन-तीन महिन्यांनी हवालदार नगरला गेले. जावयाच्या ओळखीनं एका मोटारीच्या कारखान्यात काम मिळालं, असं त्यांनी सांगितलं. सामान एका बैलगाडीत मावलं. निघताना त्यांनी माझी गाडी एकदा ऐकून घेतली. मी हँडल मारलं, इंजिन चालू झालं, ते कान देऊन उभे राहिले. "ठीक हाय," म्हणाले.

काम मिळालं म्हणून गेले की आमच्यामुळे गेले, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं काम खरंच असेल, मुलगी तिथंच होती. कधी वाटतं कामाचं नाव पुढं केलं. मी विचारलं नाही. ते मला खरं सांगतील याचीही खात्री उरली नव्हती, आणि तसा हक्कही नव्हता.

काही वर्षांनी नगरच्या मोटार स्टँडवर भाभी अचानक समोर आली. बरोबर नातू होता. तिनं मला ओळखलं, हात धरून बाकावर बसवलं, आत्याची चौकशी केली. हवालदारांना दम लागतो आता, काम सोडलंय, असं सांगितलं. मी धीर करून विचारलं, "भाभी, तुम्ही गाव आमच्यामुळे सोडलं का?"

तिनं नातवाच्या सदऱ्याची गुंडी लावली. "बाई, तुमच्या हाताला अजून रॉकेलचा वास येतोय," ती हसून म्हणाली. "गाडी हाय का अजून?"

"आहे," मी म्हणाले. "काल पुसली."

तेवढ्यात तिची मोटार लागली. नातवाला पुढं घालून ती चढली आणि खिडकीशी जागा मिळाल्यावर एकदा हात हलवला.